डासबाईंचे चारशे बारा प्रश्न

माझ्या मावशीला लोक डासबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तीही ओ देते. आरोग्य खात्यात तिच्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण तेवीस वर्षांत ते कुणी पुरतं उच्चारलेलं मी ऐकलेलं नाही. काम मात्र सांगायला सोपं: लोकांच्या घरात शिरायचं आणि साठलेलं पाणी हुडकायचं.

खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, लांब दांड्याचं ओगराळं, एक पांढरी बशी आणि नोंदवही. सकाळी आठला ती पहिल्या दारावर असते. मोरीतलं पिंप, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं जुनं टायर, फुलदाणी. फ्रिजच्या पाठीमागे खाली एक ट्रे असतो आणि त्यात पाणी साठतं, हे निम्म्या वस्तीला मावशीमुळे कळलं. पाण्यावर टॉर्च मारला की अळ्या वळवळत तळाशी जातात. मावशी म्हणते, "कुठे पळता गं बायांनो, आले ना मी." मग ओगराळ्याने पाणी उचलून बशीत ओतते आणि घरातल्या माणसाला बोलावून दाखवते. "बघा. तुमच्याच घरात जन्मलेत. आता नातेवाईक झाले तुमचे."

लोक हसतात, ओशाळतात, पिंप उपडं करतात. ती दारामागच्या कार्डावर सही करून पुढच्या घरी जाते.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका दाराला कुलूप होतं. वहीत 'बंद' असा शेरा मारून ती पुढे गेली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. त्या घराच्या गच्चीवर झाकण नसलेली टाकी होती. तीन आठवड्यांत त्या गल्लीतली अकरा माणसं डेंग्यूने इस्पितळात गेली, आणि शेजारच्या घरातली कपडे शिवून देणारी एक तरुण बाई परत आली नाही. "माप घेताना गुदगुल्या करायची मला," एवढंच मावशी तिच्याबद्दल बोलते. त्यानंतर 'बंद' हा शब्द तिने जवळजवळ टाकलाच. कुलूप दिसलं की ती संध्याकाळी परत जायची, सुटीच्या दिवशी जायची, घरमालकाच्या कामाच्या ठिकाणी जाऊन किल्ली मागायची. काका वजनकाटे दुरुस्त करतात, स्वभावाने मोजूनमापून बोलणारे. ते म्हणायचे, "अगं, खातं तुला सुटीचं काही देत नाही." मावशी म्हणायची, "डासांना सांगा ना सुटी पाळायला."

तर अशी ही बाई. जनुकबदल केलेले डास सोडणार अशी बातमी आली, तेव्हा ती मनापासून खूश झाली होती हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे तिच्यावर जे शिक्के बसले त्यांवर विश्वास ठेवायचा असेल तर ही गोष्ट लक्षात असू द्या.

बातमी अशी होती. एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नर डास तयार केले होते. त्यांच्या जनुकांत असा बदल केला होता की त्यांची मादीशी गाठ पडली तर पुढच्या पिढीतल्या माद्या अळी असतानाच मरतील. चावते ती मादी. नर चावत नाही. माद्या घटल्या की डास घटणार आणि तापही घटणार. आरोग्य खातं आणि कंपनी मिळून तीन वस्त्यांमध्ये पेट्या टांगून हे नर सोडणार होते. त्यात मावशीची वस्ती होती.

मावशीने साहेबांना विचारलं, "लोकांना कधी सांगायचं?"

"वरून आदेश आला की."

"आणि नाही आला तर?"

साहेबांनी फाइल उघडली. ती उघडली की बोलणं संपलं, हे खात्यात सगळ्यांना माहीत.

त्याच सुमारास आमच्या भागाच्या आमदारबाई मावशीला भेटायला आल्या. आधी त्यांचं औषधांचं दुकान होतं, म्हणून जुनी माणसं त्यांना अजूनही औषधवाल्या बाई म्हणतात. निवडून येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. हुशार, चपळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. मावशीच्या ओट्यावर बसून त्यांनी सरळ सांगितलं, "डासबाई, सभागृहात रस्ते, पाणी, वीज, ह्या सगळ्या विषयांवर मोठमोठी माणसं आधीच ठाण मांडून बसली आहेत. मी नवीन. मला कोण बोलू देणार? पण जनुकांवर अजून कुणी बसलेलं नाही."

मावशी हसली. तिला असलं उघड बोलणं आवडतं.

आमदारबाईंनी पिशवीतून कागद काढले. त्यांनी स्वतःच विधेयक लिहायला घेतलं होतं. बदललेला कुठलाही जीव, मग तो कीटक असो, मासा असो की रोप, मोकळा सोडायचा तर आधी तिथे राहणाऱ्यांना विचारायचं. सातव्या कलमात लिहिलं होतं की वस्तीत सभा घ्यायची, प्रश्न लिहून घ्यायचे, प्रत्येकाला उत्तर द्यायचं, आणि मगच परवानगी. बाईंनी त्यासाठी दोन प्राध्यापक गाठले होते, एक डॉक्टरांची संघटना, सत्ताधारी पक्षातले तिघे, एवढंच काय, कंपनीच्या लोकांशीही बोलणं चालू होतं.

"पण खरी माणसं तुमच्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोकांच्या मोरीपर्यंत जाता. मला त्यांचे प्रश्न आणून द्या. विधेयकाच्या समितीपुढे तुम्हीच मांडा."

त्या गेल्यावर काका म्हणाले, "जपून. त्यांना पुढे यायचंय."

"येऊ देत की," मावशी म्हणाली. "पुढे जाताना आम्हाला बरोबर नेलं म्हणजे झालं."

त्या दिवसापासून तिच्या पिशवीत दुसरी वही आली. अळ्या दाखवून झाल्या, कार्डावर सही झाली की ती विचारायची, "असे असे डास येणार आहेत. तुम्हाला काय विचारायचंय?" चार महिने हे चाललं. मी एका वकिलांकडे टायपिंग करते, म्हणून दर रविवारी वही माझ्याकडे यायची.

सुरुवातीला मला वाटलं होतं, लोक काहीतरी वेडंवाकडं विचारतील. तसंही विचारलंच. एका गवंड्याच्या बायकोने विचारलं, "नुसते नर सोडून काय होणार? आमच्या घरात एक आहे, तो कुठे काय करतो?" मावशीने तोही प्रश्न क्रमांक टाकून लिहिला. पण बाकीचे वाचताना मी टायपिंग थांबवून पुन्हा वाचायची. 'पेटीत चुकून मादी आली तर ती मोजणार कोण?' 'पालीने हे डास खाल्ले तर पालीला काही होतं का, आणि ते कुणी तपासलं?' 'माझं बाळ बारा दिवसांचं आहे, डास सोडायचा दिवस मला आधी कळेल का?' 'ताप कमी झाला नाही तर थांबवणार कोण?' एक आंधळा माणूस आहे, वाद्यं सुरात लावून देतो. त्याने विचारलं, "मी आवाजावरून नर-मादी ओळखतो. ह्या नराचा आवाज मादीला तसाच लागेल का? नाही लागला तर ती त्याला जवळ करेल कशाला?" आणि कितीतरी जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं होतं: आमचीच वस्ती का?

एकूण चारशे बारा प्रश्न झाले. मावशीने एकसारखे वाटणारे एकत्र करू दिले नाहीत. "विचारणारी माणसं वेगळी आहेत ना," ती म्हणाली. मी मुकाट्याने टाइप केले.

सुनावणीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. समितीची खोली प्रशस्त होती, गालिचा जाड, पंखे निःशब्द. दाराशी एका कारकुनाने फॉर्म दिला. त्यात आपण कोण ते खूण करून सांगायचं होतं. वैज्ञानिक, उद्योग, शेती, संस्था, इतर.

"मी कशात?" मावशीने विचारलं.

"संस्था आहे का तुमची?"

"नाही. नोकरी आहे."

"मग इतर."

"अहो, डास माझ्या वस्तीत सोडणार, आणि मी इतर?"

कारकून भला माणूस होता. त्याने फक्त खांदे उडवले आणि पेन पुढे केलं.

दहा वाजताची वेळ होती. आधी कंपनीचे अधिकारी बोलले, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत, पाऊण तास. मग प्राध्यापक. मग दुसरे प्राध्यापक, ज्यांना पहिल्यांचं काहीच पटलं नव्हतं. मग जेवणाची सुटी. मग एक संस्था, जिचे अध्यक्ष बदललेल्या जिवांमुळे जग कसं बुडणार ते सांगत होते, ते ऐकून मावशी माझ्या कानाशी पुटपुटली, "ह्यांनी आयुष्यात एक तरी पिंप उपडं केलंय का विचार." पावणेचारला 'इतर' सुरू झाले. प्रत्येकी तीन मिनिटं.

मावशी उभी राहिली. आवाज तिचा खणखणीत. "मी तेवीस वर्षं डासांचं काम करते. हे डास यावेत असं मला वाटतं. पण लोकांचे हे प्रश्न आहेत आणि..." तिने पहिले चार प्रश्न वाचले. पाचव्याला घंटा वाजली.

समितीच्या अध्यक्षांनी फोनवरून मान वर केली. "बाई, थोडक्यात सांगा. तुमचा पाठिंबा आहे की विरोध?"

"दोन्ही नाही, साहेब. मला ह्यांची उत्तरं हवीत."

"हो, पण नोंदीसाठी काहीतरी एक लागतं."

"उत्तरं मिळाली की पाठिंबा."

"म्हणजे आत्ता नाही," अध्यक्ष म्हणाले आणि लिहून घेणाऱ्याकडे बघून मान हलवली. चारशे बारा प्रश्नांचा गठ्ठा शिपायाने घेतला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. आमदारबाई समितीत होत्याच. त्यांनी मध्ये बोलायचा प्रयत्न केला, "अध्यक्षमहाराज, ह्या बाईंचं म्हणणं..." पण तोवर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

नोंदीत मावशीच्या नावापुढे 'विरोध' लागलं.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मथळा: 'डास प्रकल्पाला आरोग्य कर्मचाऱ्याचाच विरोध'. तिसऱ्या दिवशी साहेबांची नोटीस. खात्याच्या धोरणाविरुद्ध जाहीर बोलल्याबद्दल खुलासा करावा. जग बुडणार म्हणणाऱ्या संस्थेचे दोघेजण तर घरी येऊन मावशीला सत्कार घ्यायला बोलावू लागले. तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. मात्र त्याआधी त्यांच्यापैकी एकाला, पत्ता विचारून, गच्चीवरची टाकी झाकायला सांगितलं.

"मी विरोध केला? मी?" ती स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. "आयुष्य गेलं माझं डास मारण्यात! त्या मेल्यांना 'विचारतेय' असा एक रकाना ठेवता येत नाही?"

काकांनी खुलासा लिहून दिला. तीन ओळींचा, अगदी तोलून. मावशीने तो फाडला आणि स्वतः अडीच पानं लिहिली. साहेबांनी ती फाइलला लावली. त्याचं पुढे काही झालं नाही. मावशीला त्याचाच जास्त राग आला. "निदान वाचून मला काढून तरी टाकायचं," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी विधेयक मंजूर झालं. आमदारबाईंचं सगळीकडे कौतुक झालं. पहिल्याच कारकिर्दीत, सत्तेत नसताना, इतक्या अवघड विषयावर कायदा करून दाखवणं ही लहानसहान गोष्ट नव्हती, हे मलाही कळत होतं. मावशीने मला छापील कायदा आणायला लावला. चष्मा लावून तिने सातवं कलम काढलं. सभा नव्हती, प्रश्न नव्हते, उत्तरं नव्हती. एकच वाक्य होतं: 'स्थानिक रहिवाशांना योग्य रीतीने कळवण्यात यावे.'

सोबतच्या अहवालात चौदाव्या पानावर आणखी एक वाक्य सापडलं. 'समितीने सर्व संबंधित घटकांशी सविस्तर चर्चा केली; काही रहिवाशांनी शंका व्यक्त केल्या.'

"काही," मावशी म्हणाली. मग चष्मा काढला. "काही."

त्याच दुपारी ती आमदारबाईंच्या कार्यालयात गेली. मी पाठोपाठ. तिथे हारांचा ढीग होता, लोक अभिनंदनाला येत होते. बाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"मला माहीत आहे तुम्ही का आलात," बाई म्हणाल्या. "बसा."

"बसायला नाही आले. सातवं कलम कुठे गेलं?"

"डासबाई, मला अकरा मतं कमी पडत होती. कंपनी म्हणत होती, प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आम्ही दुसरीकडे जातो. सरकार म्हणत होतं, हे कलम काढा, बाकी सगळं घेतो. आजवर काही सोडायचं तर कळवायचंसुद्धा बंधन नव्हतं. आता कायद्यात आहे. एक शब्द का होईना, आहे."

"योग्य रीतीने म्हणजे कसं?"

"ते नियमांत येईल. नियम खातं करेल."

"खातं!" मावशीने एवढ्या जोरात म्हटलं की बाहेरचे आवाज थांबले. "म्हणजे आमचे साहेब! अहो, मी चार महिने लोकांना सांगत फिरले, तुमचं म्हणणं वर पोहोचवते. माझ्या तोंडावर विश्वास ठेवून बोलली ती माणसं. आता मी त्यांच्या दारात कुठलं तोंड घेऊन जाऊ?"

बाईंचा चेहरा उतरला. "तुम्हाला वाटतं मी तुम्हाला वापरलं."

"मला काय वाटतं ते सोडा. तुमचा कायदा झाला, कंपनीचं काम झालं. माझ्या वहीचं काय झालं तेवढं सांगा."

"ती समितीच्या दप्तरात आहे," त्या म्हणाल्या. "जोडपत्र म्हणून घ्या असं मी सुचवलं होतं. जाडी फार होते म्हणाले."

मावशी हसली, ते ऐकून मला तिची भीतीच वाटली.

'योग्य रीतीने कळवणं' झालं ते असं. विभागीय कचेरीच्या फलकावर, रजेवर असलेल्या कर्मचाऱ्यांच्या यादीशेजारी, एक कागद टाचण्यात आला. अक्षर इतकं बारीक की मावशीला दोनदा चष्मा पुसावा लागला. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी खांबाखांबांवर पांढऱ्या पेट्या टांगलेल्या दिसल्या आणि त्यांतून डासांचे लोट बाहेर पडताना लोकांनी पाहिले.

तुम्हीच विचार करा. तेवीस वर्षं ज्या बाईने घराघरात जाऊन सांगितलं की एकही डास होऊ देऊ नका, तिच्याच खात्याने हजारो डास आणून सोडले, आणि कुणाला काही सांगितलं नाही. दुपारपर्यंत अफवांना ऊत आला होता. कुणी म्हणालं ह्याने मूल होत नाही, कुणी म्हणालं ताप पसरवून औषधं खपवायची आहेत. एका माणसाने शिडी लावून दोन पेट्या खाली घेतल्या आणि उकळतं पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीप्रमाणे आठला निघाली. पहिलं दार अर्धवट उघडलं आणि लागलं. दुसऱ्या दारातून आवाज आला, "आज नको." तिसऱ्या दारात बाळाचा प्रश्न विचारणारी ती आई होती, तिने दार उघडून सरळ विचारलं, "तुम्ही म्हणाला होता दिवस आधी कळवाल. म्हणाला होता ना?"

मावशी म्हणाली, "हो."

"मग?"

त्या आठवड्यात मावशीने वहीत एकोणतीस वेळा 'बंद' लिहिलं. लिहिताना प्रत्येक वेळी पेन कागदात रुतलेलं मी पाहिलंय. मागच्या पानावरसुद्धा ती अक्षरं हाताला लागतात. आत माणसं होती, पिंपं भरलेली होती, आणि ती जिन्यात उभी होती.

दोनएक आठवड्यांनी एक मुलगी मावशीचं घर शोधत आली. पेट्या हिच्याच देखरेखीखाली लागल्या होत्या. लोक तिला पेटीवाली म्हणून शिव्या घालत होते. कंपनीची शास्त्रज्ञ, पंचविशी-तिशीतली. हातावर खरचटलेलं. कुणीतरी दगड मारला होता.

"मला सांगितलं की तुम्ही विरोधक आहात," ती म्हणाली. "पण वस्तीत सगळे म्हणतात, डासबाईंनी सांगितलं तर ऐकू. म्हणून आले."

मावशीने आधी तिची जखम धुतली. मग मला म्हणाली, "तुझ्याकडची प्रत आण."

त्या मुलीने स्वयंपाकघरात बसून चारशे बाराच्या चारशे बारा प्रश्न वाचले. दोन तास लागले. मध्ये चहा गार झाला. वाद्यवाल्याच्या प्रश्नावर ती थबकली. "हे आम्ही दीड वर्ष तपासत होतो," ती म्हणाली. "पंखांचा आवाज. ह्यांना कसं सुचलं?" मग तिने पेन मागितलं आणि समासात लिहायला सुरुवात केली. पेटीत चुकून मादी येण्याचं प्रमाण किती, ते कोण मोजतं. पालींवर काय चाचणी झाली, कोणत्या प्राण्यांवर झालीच नाही. तीनशेहून जास्त प्रश्नांची उत्तरं तिला तिथल्या तिथे देता आली. साठेक तिने बघून सांगते म्हणून बाजूला ठेवले. उरलेल्यांपुढे तिने फुली मारली. आमचीच वस्ती का, थांबवणार कोण, आधी का नाही विचारलं, असे ते होते. "हे मला विचारून उपयोग नाही," ती म्हणाली. "हे ठरवणारी माणसं वेगळी."

"हे प्रश्न तुमच्यापर्यंत आले नाहीत?" मी विचारलं.

"आम्हाला अहवाल मिळाला. त्यात एक ओळ होती. काही रहिवाशांनी शंका व्यक्त केल्या."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. समितीच्या त्या खोलीत कंपनीची माणसं आणि ती, मध्ये दोन रांगा सोडून, अख्खा दिवस बसली होती. आणि उत्तरं होती! तीनशे उत्तरं तयार होती. ह्या खुर्चीवरून त्या खुर्चीवर कागद द्यायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून एका मुलीने दगड खाल्ला आणि एकोणतीस दारं लागली.

मग त्या दोघी वस्तीत फिरल्या. पाच दिवस, दार-दार. मावशी पुढे, मुलगी मागे. बाळाच्या आईने मुलीला अर्धा तास उभं ठेवून प्रश्न विचारले आणि शेवटी पाणी दिलं. वाद्यवाल्याने तर दोन पेट्यांतल्या डासांचा आवाज कान लावून ऐकला आणि म्हणाला, "थोडा वर आहे, पण चालेल." मावशी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली. बावीस दारं उघडली.

सहाव्या दिवशी प्रकल्प बंद झाला. पेट्या फोडल्याची बातमी वर गेली होती. वरच्यांनी तीन वस्त्यांतलं काम थांबवून दुसऱ्या शहरात न्यायचं ठरवलं. मुलीला फोनवर कळलं, जिन्यात, पुढच्या घराची बेल वाजवता वाजवता. ती मावशीकडे बघत राहिली. दार उघडलं तेव्हा मावशीने नेहमीसारखं मोरीतलं पिंप दाखवायला सांगितलं.

त्या वर्षी वस्तीत एकतीस जणांना डेंग्यू झाला. नेहमी होतो तेवढाच. सगळे वाचले.

पुढे त्या कायद्याचं नाव झालं. दुसऱ्या भागांतले आमदार तो अभ्यासायला येऊ लागले. लोकसहभागाचा नमुना म्हणून एका परिषदेत आमदारबाईंचं भाषण ठेवलं होतं, आणि व्यासपीठावर 'सहभागी नागरिक' म्हणून बसायला मावशीला पत्र आलं. तिने पत्राच्या पाठीमागे लिहिलं, 'त्या दिवशी माझी उरलेली सात दारं आहेत', आणि परत धाडून दिलं.

पण खोटं कशाला बोलू, बाईंना ते लागलं असावं. महिन्याभराने त्या स्वतः आल्या, हारतुरे नाहीत, बरोबर कुणी नाही. दुरुस्ती आणते म्हणाल्या, जुनं सातवं कलम जसंच्या तसं. "ह्या वेळी मतं नाही मिळाली तरी चालेल."

"चालेल कसं?" मावशी उसळली. "मिळायलाच हवीत. तुम्हाला मिळवता येतात, मी पाहिलंय. माझ्यासाठी हरून दाखवू नका."

ती दुरुस्ती गेली तीन अधिवेशनं विषयपत्रिकेवर आहे, पण तिची पाळी येत नाही. एकदा सव्विसावी होती, एकदा एकोणिसावी, परवा मागे घसरून तिसावी. मावशी मला दर वेळी क्रमांक बघायला लावते आणि ऐकून शिवी हासडते.

मागच्या आठवड्यात तिला त्या दुसऱ्या शहरातून एका डासनिरीक्षकाचा फोन आला. त्यांच्याकडे पेट्या येणार होत्या. पेटीवालीने त्याला नंबर दिला होता.

"ताई, तुमच्याकडे प्रश्नांची वही आहे म्हणे. उत्तरांसकट."

"आहे. पाठवते. पण ती वाचून दाखवू नका लोकांना. आधी त्यांना विचारू द्या. तुमचे प्रश्न वेगळे असतील."

"साहेब म्हणतात, फलकावर कागद लावलाय, तेवढं पुरे."

मावशीने फोन कानापासून लांब धरला, एक खोल श्वास घेतला, परत कानाला लावला. "किती घरं आहेत तुमच्याकडे?"

"अकराशे."

"आणि पेट्या कधी?"

"पुढच्या सोमवारी."

तिने बोटांवर दिवस मोजले. मी समोर बसून झेरॉक्सची पानं लावत होते. मग ती म्हणाली, "मग तुम्ही फोनवर काय करताय? निघा ना."